भवानी टॉकीजचा मुहूर्त

अप्पाजीरावांचा मला सात वर्षं राग येत होता, आणि तो मी कधी लपवला नाही. ज्याच्या घरी आपण भाड्यानं राहतो, ज्याची बायको सकाळी न मागता कॉफी आणून देते, त्याच्यावर रागावणं शोभत नाही हे मलाही कळतं. पण मी ड्राफ्ट्समन आहे. माझ्या हातचा नकाशा कुणी सात वर्षं गुंडाळून कपाटावर ठेवला, तर मला राग येतो. तो येऊ नये असं मला वाटतही नाही.

मी कऱ्हाडचा. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी. सत्तावन साली बदली होऊन मद्रासला आलो तेव्हा तिथे मराठी कानावर पडणार नाही, अशी मनाची तयारी करूनच निघालो होतो. वेस्ट मांबलममध्ये खोली शोधत फिरताना एका ओट्यावर पंचा नेसलेले, काठीसारखे उंच एक गृहस्थ पंचांग वाचत बसले होते. मी मोडक्या तमिळमध्ये खोलीचं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या की. कोठून आलात तुमी? बॉम्बे?"

ते तंजावरचे मराठी. त्यांच्या मराठीनं महाराष्ट्र सोडून अडीच-पावणेतीनशे वर्षं झाली होती, आणि मधल्या काळात तिनं तमिळशी संसार थाटला होता. मी मुंबई आयुष्यात दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा आवडली नाही, असं मी त्यांना निदान शंभर वेळा सांगितलं असेल. तरी त्या गल्लीत मी शेवटपर्यंत 'बॉम्बे पाटणकर'च राहिलो.

"तुमचं मराठी फार वेगानं जातं," अप्पाजीराव म्हणायचे. "अमास धरायस होईना."

त्यांचं मराठी इतकं सावकाश जायचं, की वाक्य संपेपर्यंत कॉफी निवायची.

अप्पाजीराव तीन गल्ल्या पलीकडच्या भवानी टॉकीजचे मॅनेजर होते. टॉकीज म्हणायचं म्हणून म्हणायचं. बाजूला बांबूचे तट्टे, वर नारळाच्या झावळ्या. पडद्यासमोर समुद्रावरची वाळू पसरलेली. तिथे दोन आण्यांचं तिकीट. वाळूवर बसणारे आपापल्यापुरता ढीग करून त्यावर बसत, मग मागचा आणखी उंच ढीग करी, आणि खेळ सुरू होण्याआधी तिथे डोंगररांग तयार होई. त्यामागे बाकं, त्यामागे खुर्च्यांच्या चार ओळी. डाव्या हाताला बायकांची जागा, मध्ये छातीएवढी भिंत. आणि सगळ्यांना समान वाटून दिलेले डास.

मशीन एकच. त्यामुळे रीळ संपलं की चित्र थांबे, दिवे लागत, ऑपरेटर नवं रीळ चढवी. एका खेळात असं चारदा. दरवेळी पाच-सात मिनिटं. गावात जिथे जिथे एक मशीन होतं तिथे असंच चाले, आणि त्या वेळात लोक सोडा पीत, चकलीसारखा मुरुक्कू खात, पोरांना बाहेर नेऊन आणत. भवानी टॉकीजमध्ये मात्र कुणी जागचं हलत नसे. कारण दिवे लागले की पडद्याखालच्या विटांच्या ओट्यावर अप्पाजीराव चढत. खिशातून चिपळ्या काढत आणि तमिळमध्ये गोष्ट सांगत.

त्यांचे वडील तंजावरकडचे मोठे कीर्तनकार. साकी, दिंडी, ओवी मराठीत म्हणायची आणि निरूपण तमिळमध्ये करायचं, अशी त्यांची रीत. लोक बैलगाड्या जोडून ऐकायला येत. अप्पाजीरावांना बापाचा आवाज मिळाला होता, पाठांतर मिळालं होतं; फक्त कुठे थांबावं हे मिळालं नव्हतं. कुंभकोणमला एका लग्नात त्यांनी पहिलं कीर्तन केलं, ते मुहूर्त टळून गेला तरी संपेना. नवरदेवाच्या मामानं शेवटी मृदंगवाल्यालाच उचलून बाहेर नेलं. पुन्हा त्यांना कीर्तनाला कुणी बोलावलं नाही.

भवानी टॉकीजमध्ये हा प्रश्न आपोआप सुटला. ऑपरेटर सुब्बा घंटा वाजवी, दिवे जात, आणि अप्पाजीराव अर्ध्या वाक्यात अंधारात बुडत. राजा तलवार उपसतोय, घंटा! राणी पत्र उघडतेय, घंटा! लोक हळहळत. मग पडद्यावर वेगळाच नायक वेगळ्याच नायिकेच्या मागे धावू लागे, आणि लोक ते रीळ एकदाचं संपायची वाट पाहत. एकच गोष्ट, चार मध्यंतरांत चार तुकडे, आठवड्याला नवी. बाहेर पडताना म्हाताऱ्यांची इतकी गल्लत होई, की एकीनं मला विचारलं होतं, "त्या राजाला पोलिसांनी शेवटी सोडलं का हो?"

आता दुसरं मशीन आलं, तर एक रीळ संपताच दुसरं चालू होणार. चित्र थांबणार नाही, दिवे लागणार नाहीत, आणि अप्पाजीराव ओट्यावर चढणार नाहीत. एवढी साधी गोष्ट वेस्ट मांबलमच्या डासांनाही समजत होती. मला सोडून.

टॉकीजचे मालक नारायणस्वामी मुदलियार. त्यांची मूळची लाकडाची वखार. सज्जन, जाडजूड, आणि देवाधर्माला भिऊन असलेला माणूस. मी आलो त्याच वर्षी त्यांनी ठरवलं की झावळ्या काढायच्या, पक्कं छप्पर घालायचं, वाळू जाऊन फरशी येणार, आणि दुसरं मशीन. अप्पाजीरावच म्हणाले, "अमच्या माडीवर रेल्वेचा ड्राफ्ट्समन राहतो." मी नकाशा फुकट काढून दिला, बदल्यात जन्मभर एक खुर्ची फुकट. नकाशा उत्तम होता. विटांच्या भिंती, सिमेंटचे पत्रे, दोन मशिनांची खोली, मोठा पडदा. मोठ्या पडद्यासाठी तो विटांचा ओटा मी उडवला. माझ्या दृष्टीनं तो उगाच जागा अडवणारा ढीग होता.

अप्पाजीरावांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "फार सुंदर. आता दिवस बघायस पाहिजे."

दिवस! इथे माझ्या सात वर्षांची सुरुवात झाली.

झालं होतं असं. मुदलियारांनी टॉकीज पहिल्यांदा उघडली तेव्हा आपल्या तमिळ पंचांगातला दिवस धरला होता. तिसऱ्या दिवशी वादळ आलं आणि निम्मं छप्पर उडून शेजारच्या म्हशींच्या गोठ्यावर जाऊन बसलं. मुदलियार डोक्याला हात लावून बसले असताना अप्पाजीराव सहज बोलून गेले, की आमच्या पंचांगात हा अधिक महिना आहे, आम्ही यात नवीन काही करत नाही. तमिळ लोकांना अधिक महिना नसतो. मुदलियारांना वाटलं, आपल्याला न दिसणारं संकट ज्याला दिसतं असा माणूस आपल्या पदरी आहे. तेव्हापासून त्यांचा नियम झाला: भवानी टॉकीजचं काहीही करायचं, तर दिवस दोन्ही पंचांगांत चांगला हवा. आणि तो काढून द्यायचा अप्पाजीरावांनी.

आता तुम्हीच हिशेब करा. तमिळ माणूस आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून महिनाभर, नवं काम धरत नाही. मार्गळीत नाही. बांधकाम असेल तर पुरट्टासी नाही, पंगुणी नाही. ऐप्पसी-कार्तिकात मद्रासचा पाऊस, तेव्हा काढलेलं छप्पर पुन्हा घालायला कोण येणार? उरल्या महिन्यांवर अप्पाजीराव आपलं पंचांग घालत. पितृपक्ष, पौष, गुरूचा अस्त, शुक्राचा अस्त, व्यतिपात, वैधृती, भद्रा. एखादा दिवस यातूनही जिवंत बाहेर आलाच, तर त्याला राहुकाळात गाठत.

"पाटणकरराव, चौदा तारीख चांगली होती," ते मला घराच्या ओट्यावर बसवून हळहळत सांगायचे. "पण मुदलियारांची रास आडवी येते."

"मग पंधरा?"

"पंधराला सुब्बाची रास."

"सुब्बाच्या राशीचा काय संबंध?"

"मशीन कोण चालवतो?" ते शांतपणे विचारत.

अठ्ठावन साली अधिक श्रावण आला. तो नेमका आडी महिन्यात. मी म्हटलं, बरं झालं, दोन्ही वाईट महिने एकदाच उरकले. अप्पाजीरावांचा चेहरा मात्र पडला होता. "अख्खा अधिक मास वाया गेला," ते पुटपुटले. तेव्हा मला त्यांचं दुःख समजलं नाही. मी समजलो, धार्मिक काहीतरी असेल.

एकोणसाठ साली सिमेंटचं परमिट मिळालं. त्या काळी सिमेंट मिळणं म्हणजे मुलीचं लग्न ठरण्यासारखं होतं. साठ पोती आली, तीही आडीच्या पहिल्याच दिवशी. मुदलियार म्हणाले, महिनाभर थांबू. महिना गेल्यावर अप्पाजीरावांनी पितृपक्ष लावला, मग पुरट्टासी, मग पावसानं आपलं काम केलं. जानेवारीत पोती उघडली तर आत पोत्याच्या आकाराचे साठ दगड. ते बायकांच्या बाजूला ओळीनं मांडले. बाकांपेक्षा बरे, असं बायकांचं मत पडलं. ढेकूण होत नाहीत. मुदलियारांनी कपाळावर विभूती लावली आणि म्हणाले, "देवानं सिमेंट घेतलं, छप्पर वाचवलं. त्या वेळी बांधलं असतं तर अंगावर पडलं असतं."

एकसष्टला अधिक ज्येष्ठ आला. तो अगदी मोक्याच्या महिन्यात, आणि अप्पाजीरावांनी त्या आठवड्यात घरी खीर करायला लावली. बासष्टला लढाई झाली. तो दोष मी अप्पाजीरावांना देत नाही. दरवर्षी मुदलियार नवं काहीतरी सुचवत आणि मी नकाशा पुन्हा काढत असे. खुर्च्या वाढवा, दरवाजा पूर्वेला घ्या, बायकांचा जिना वेगळा. सात नकाशे काढले. रेल्वेच्या पुलांचे नकाशे मी असे जीव ओतून काढले नाहीत, आणि ते पूल उभे आहेत.

त्रेसष्ट-चौसष्ट साली तर पंचांगात एक महिना गळालाच, आणि त्याच्या बदल्यात दोन अधिक आले. असं पिढ्यांत एखाद्या वेळी होतं म्हणे. अप्पाजीरावांनी मुदलियारांपुढे पंचांग ठेवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "ज्या साली काळाचा महिना गळतो, त्या साली डोक्यावर नवं छप्पर घेऊ नये. पुढलं सबंध वर्षही नाही."

मुदलियारांनी हात जोडले. त्यांना हे फार पटलं. इतकं, की त्यांनी घरच्या गोठ्याची गळती काढायचंही थांबवलं.

मी त्या दिवशी घरी येऊन सातवा नकाशा जमिनीवर आपटला. अप्पाजीरावांच्या पत्नी कनकाबाई कॉफीचा टंबलर घेऊन आल्या होत्या. त्या बाई कमी बोलायच्या. घरात एक बोलणारा पुरे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी नकाशा उचलला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि विचारलं, "यात ते उभे राहतात तो ओटा कोठ आहे?"

"ओटा काढला. पडदा मोठा करायचा म्हणून."

"सातही कागदांत काढला?"

"हो."

"मग सात वर्षं दिवस कसा निघेल?" त्या म्हणाल्या. "कॉफी घ्या. निवेल."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ रागही आला. म्हणजे हा माणूस मला, मुदलियारांना आणि साठ पोती सिमेंटला सात वर्षं नाचवत होता, ते खेळागणिक वीस-पंचवीस मिनिटं उभं राहायला मिळावं म्हणून! मी कॉफी न पिता तसाच टॉकीजवर गेलो. ठरवलं, पहिल्या मध्यंतरात, सगळ्यांसमोर विचारायचं. दिवे लागले. अप्पाजीराव ओट्यावर चढले. चिपळ्यांचा नाद झाला, आणि त्यांनी एका कुंभाराची गोष्ट धरली, ज्याच्या घरी राजा वेषांतर करून उतरतो. जेवायला काही नाही, बायको चुलीत नुसता धूर करते, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. राजा तो धूर पाहून ताट मागतो...

घंटा. मी ओरडलो, "अरे थांब रे!" ते सुब्बाला उद्देशून होतं.

सात वर्षं मी मध्यंतरात मनातल्या मनात छपराची मापं घेत बसायचो; त्या दिवशी चारही मध्यंतरं तोंड उघडं टाकून बसलो. वाळूवर बसलेला हमाल रडत होता, बायकांच्या बाजूनं हुंदके येत होते, सोडावाला बाटली हातात धरून तसाच उभा होता. ओट्यावरचा माणूस माझ्या घरमालकासारखा दिसतच नव्हता. सावकाश बोलणारा, खोकणारा, पंचा आवरणारा अप्पाजी कुठे गेला होता कोण जाणे. खेळ संपल्यावर मी त्यांच्याबरोबर चालत घरी आलो, आणि भांडण करायचं विसरून गेलो. नंतर आठवलं, पण मग केलं नाही. नकाशा मीच गुंडाळला आणि कपाटावर ठेवला.

चौसष्टच्या जूनमध्ये लायसन्सच्या ऑफिसातून कागद आला. झावळ्यांचं छप्पर आगीला धोकादायक. पंधरा जूनच्या आत पक्क्या कामाला हात लागला नाही, तर पुढचं लायसन्स नाही.

अप्पाजीरावांनी तो कागद तीनदा वाचला. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. मग ते तडक मुदलियारांच्या वखारीत गेले; मीही गेलो.

"दिवस निघतो," अप्पाजीराव म्हणाले. "या महिन्यात निघतो."

मुदलियारांनी त्यांच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. "राव, थेटरच्या प्रेमापायी तुम्ही असं बोलता. महिना गळालेलं साल आहे. माझ्यासाठी तुम्ही पाप करू नका."

"तसं काही नाही हो. शास्त्रात—"

"तुम्हीच सांगितलंत." मुदलियार उठून उभे राहिले. "मी विचार केला आहे. देवाच्या मनात थेटर नाही. पंधराला बंद करतो. त्या जागेवर वखार वाढवीन. तुम्हाला मी वाऱ्यावर सोडणार नाही. वखारीत बसा, लाकडं मोजा."

परत येताना अप्पाजीराव मांबलम स्टेशनच्या फाटकापाशी थांबले. फाटक उघडं होतं, तरी थांबले. "पाटणकरराव," ते म्हणाले, "मी त्यांस इतकं भय घातलं, की आता ते माझंही ऐकेनात."

"मग खरं सांगा."

"सांगितलं तर पटायचं नाही. ते मणतील, थेटरसाठी खोटं बोलतो." थोडं चालून म्हणाले, "एकच ठिकाण आहे. अमचे वडील सांगत, कथेला उभं राहिल्यावर खोटं बोललं तर जीभ झडते. मुदलियारांसही ते ठाऊक आहे."

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी मुदलियार नेहमीप्रमाणे सहकुटुंब पहिल्या खेळाला आले. खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत मधोमध त्यांची जागा. मी त्यांच्या मागे बसलो. चित्र काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

पहिलं मध्यंतर. अप्पाजीरावांनी गोष्ट धरली: एका गावात देवळाला झावळ्यांचं छप्पर. देव भिजतो. गावचा पाटील भला माणूस, तो म्हणतो दगडी छप्पर घालू. दिवस काढायचं काम तो कीर्तनकाराच्या पोराकडे देतो. घंटा.

दुसरं. त्या पोराला कुठेच कुणी कीर्तनाला बोलावत नसे. या गळक्या देवळातच काय ते त्याचं कीर्तन. दगडी देऊळ झालं की तिथे त्याचं काय काम? मग तो काय करतो? ज्या दिवशी सूर्य चांगला, त्या दिवशी चंद्राला नावं ठेवतो. दोघंही चांगले असले, तर पुजाऱ्याच्या बैलाची रास काढतो. लोक खदाखदा हसले. मुदलियारही हसले, त्यांचं पोट हलताना मला मागून दिसत होतं. घंटा.

तिसरं. वर्षं जातात. पाटील सगळं खरं मानतो, देवाला नारळ फोडतो. एक दिवस राजाची आज्ञा येते: छप्पर घाला, नाहीतर देऊळ बंद. पोरगा धावत पाटलाकडे जातो, आणि पाटील म्हणतो, तुम्हीच सांगितलंत. मुदलियारांच्या हातातला पंखा थांबला. घंटा.

चौथं. अप्पाजीराव ओट्यावर चढले. चिपळ्या त्यांनी खिशातून काढल्या, खाली ठेवल्या, आणि हात जोडले.

"गावाचं नाव वेस्ट मांबलम," ते म्हणाले. "गळालेल्या महिन्याचं छपराशी काही वैर नाही. ते मी रचलं. सात वर्षांत दोन्ही पंचांगांत चांगले दिवस निदान तीस गेले. सिमेंट देवानं घेतलं नाही, मी घेतलं. मला इथे उभं राहायचं होतं. दुसरं कारण नाही."

टॉकीजमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. म्हणजे वाळू नसती तर. मग वाळूवरून एक आवाज आला, "राव, पुढे काय झालं?"

"पुढलं पाटलाच्या हाती," अप्पाजीराव म्हणाले आणि खाली उतरले. सुब्बा घंटा वाजवायचीच विसरला होता.

खेळ सुटल्यावर मुदलियार तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहिले. बायकोला त्यांनी रिक्षात बसवून पुढे पाठवलं. मला वाटलं, आता मारतात की काय. आडदांड माणूस, लाकडाचा धंदा.

"सात वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सात."

मुदलियार बोटांवर वर्षं मोजू लागले. मग एकदम घाबरून म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त तुम्हीच काढला होता!"

"तो खरा होता."

"नक्की?"

"जावई कसा आहे?"

"चांगला आहे."

"मग झालं तर."

मुदलियारांनी घाम पुसला. त्यांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलेलं दिसलं, आणि त्यापुढे थेटरचा राग लहान झाला असावा. "आता खरा दिवस सांगा," ते म्हणाले.

"उद्या," अप्पाजीराव म्हणाले. "सकाळी साडेआठ. अमावास्या आहे."

मी दचकलो. आमच्याकडे अमावास्येला कुणी चप्पलसुद्धा विकत घेत नाही. तमिळ लोकांना मात्र तो भरलेला, चांगला दिवस वाटतो. दुकानं उघडतात, व्यवहार करतात.

मुदलियारही घुटमळले. "आम्हाला उत्तम आहे. पण तुमच्या पंचांगात?"

"अमच्यात अमावास्येस नवं काम कोण्ही धरत नाही."

"मग दोघांना चालेल असा बघा ना. दोन दिवस इकडे-तिकडे."

"नको," अप्पाजीराव म्हणाले. "सात वर्षं माझ्या सोयीचे दिवस मी तुमच्या गळी उतरवले. एक तुमच्या सोयीचा घ्या. वाईट असेल तो मला असू दे."

मुदलियारांनी मान हलवली.

सकाळी मी सातवा नकाशा घेऊन टॉकीजवर गेलो. जायच्या आधी खोलीत बसून त्यात एक दुरुस्ती केली होती. पडद्याच्या डाव्या अंगाला चार फूट बाय सहा फुटांचा एक चौकोन. बारीक पेन्सिलीनं, दिसेल न दिसेल असा. गवंडी आले होते. कनकाबाई नारळ, हळद-कुंकू घेऊन उभ्या होत्या. अप्पाजीरावांनी नकाशा वाळूवर पसरला, चष्मा लावला, आणि बोट थेट त्या चौकोनावर ठेवलं.

"हे काय?"

"झाडूवाल्याची बादली ठेवायला."

"चार फूट बाय सहा फुटांची बादली?"

"अप्पाजीराव," मी म्हटलं, "दोन मशिनं आली तरी एक मध्यंतर राहणारच आहे. चांगलं दहा मिनिटांचं. माणसं ऐकतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसतील. "दहा मिनिटं मला कधी पुरली? जागा दिसली की मी उभा राहीन. उभा राहिलो की सुब्बास खूण करीन, एक मशीन मोडू दे मणून. मला मी ठाऊक आहे, पाटणकरराव. खोडा."

"राहू द्या की."

"खोडा."

मी खिशातून रबर काढला आणि खोडलं. डोळे पुसावे लागले. डोळ्यांत चुना गेला, असं मी गवंड्यांना सांगितलं. अजून एकही घाव पडला नव्हता, पण गवंडी सभ्य होते. ज्या माणसाला मी सात वर्षं मनात शिव्या घातल्या, त्याचे पाय धरावेत असं मला त्या सकाळी वाटलं. धरले नाहीत. ड्राफ्ट्समन लोकांना ते जमत नाही.

कनकाबाईंनी ओट्याला हळद-कुंकू वाहिलं. मुदलियारांनी नारळ फोडला आणि पहिल्या घावासाठी पहार अप्पाजीरावांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि ओट्याच्या मधोमध घातली. एक वीट सुटली. रीतीप्रमाणे दुसरा घाव मालकाचा. अप्पाजीरावांनी पहार पुढे केली, तर मुदलियारांनी हात मागे घेतले.

"तुम्हीच घाला, राव," ते म्हणाले.

तेव्हा पंचा खोचून अप्पाजीराव पुन्हा वाकले. गवंडी दोनदा मदतीला पुढे आले, दोनदा त्यांनी त्यांना मागे सारलं. आम्ही सगळे वाळूवर बसून राहिलो. दुपारी बारापर्यंत त्यांनी एकट्यानं तो ओटा फोडून काढला, आणि मग विटा मोजून भिंतीशी रचल्या, नव्या बांधकामात वापरता याव्यात म्हणून.